रिकामा स्लॉट

"घे," बाबा म्हणाले.

एवढंच. भाकर मोडता मोडता, वर न पाहता. कॉम्प्युटरला आणखी एक रॅम घ्यायची होती, चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरीची पट्टी. ५,८०० रुपये हा आकडा तोंडातून काढायला मी तीन दिवस लावले होते. आईसमोर बोलायचं की एकट्याजवळ, जेवताना की शेतातून येताना, आधी रॅम म्हणजे काय ते सांगायचं की आधी किंमत, सगळा विचार करून झाला होता. कायले पाहिजे, त्याच्याशिवाय चालत नाही का, आतापर्यंत कसं चाललं, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तयार होती. त्यांनी एकही विचारला नाही. घे म्हणाले, वरणात भाकर कुस्करली आणि कपास किसान ॲपवर कापूस विकायचा आपला स्लॉट लागला का, तेवढं विचारलं. संक्रांतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. तेव्हापासून चपलेत खडा यावा तसा तो शब्द टोचतो आहे. नाही म्हटलं असतं तर वाईट वाटलं असतं, हे मला माहीत होतं. हो म्हटल्यावर असं होईल, हे माहीत नव्हतं.

आमच्या समोरच्या खोलीत सध्या कापूस भरलेला आहे. खिडकीच्या गजांपर्यंत. एका कोपऱ्यात खाट, तिच्या पायथ्याशी टेबल, टेबलावर माझा कॉम्प्युटर, आणि बाकी सगळी खोली पांढरी. हिंगणघाटची बाजारपेठ आमच्यापासून पंधराएक किलोमीटर, पण या वर्षी कापूस सरळ गाडीत भरून नेता येत नाही. सरकारी खरेदीला द्यायचा तर आधी ॲपवर नाव, मग तारीख, मग गाडी. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० आहे आणि गावात येणारा व्यापारी त्याच्या हजारभर खाली बोलतो, म्हणून आम्ही थांबलो आहोत. ओलावा ८ टक्क्यांच्या आत असला तर पूर्ण भाव, म्हणून बाबा रोज दुपारी दार-खिडक्या उघडून ढीग वरखाली करतात. खोलीत सरकीचा किंचित तेलकट वास असतो. रात्री खाटेवर पडलं की अंगाला खाज सुटते. मी लाईट बंद करून गेम लावला की स्क्रीनचा उजेड त्या ढिगावर पडतो. गेममध्ये रात्र असली की कापूस निळा होतो, कुठे आग लागली की तांबूस. आई एकदा दारात उभी राहून बराच वेळ ते पाहत होती. मग म्हणाली, "दिवाळीसारखं दिसून राह्यलं."

कॉम्प्युटर २०२३ चा. त्या वर्षी तुरीचे पैसे बरे आले आणि गावातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानातले थोडे साठले होते, ते जोडून नागपूरला सीताबर्डीवर जाऊन एकेक भाग घेतला. ग्राफिक्स कार्ड जुनं घेतलं. रॅम ८ जीबीची एकच घेतली, दोन हजारांच्या आत मिळाली होती. बोर्डावर दोन स्लॉट होते. दुकानातला पोरगा म्हणाला होता, दादा, दोन टाका, जोडीनं चांगली चालते. मी म्हटलं, दुसरी नंतर टाकू. परतीच्या बसमध्ये मांडीवर खोकं घेऊन बसलो होतो तेव्हा मला वाटत होतं, नंतर म्हणजे दोन-तीन महिने.

शनिवारी रात्री आम्ही तिघं खेळतो. एक पुण्याला आहे, एक नागपूरला. तिघंही एका बाकावर बसून शिकलेलो. आता भेट होते ती पोळ्याला नाहीतर कोणाच्या लग्नात, त्यामुळे कानाला हेडफोन लावून दोन तास एकत्र गाड्या चालवणं हीच आमची पारावरची बैठक. गाड्या चालतात आणि बोलणं भलतंच चालतं. कोणाच्या पोराला ताप आहे, कोणाच्या कंपनीत माणसं काढली, आमच्याकडे यंदा बोंड कशी सडली. आणि मध्येच माझं चित्र थिजतं. आवाज पुढे जातो, गाडी मागे राहते. एखादा सेकंद, कधी दीड. परत हलतं तेव्हा माझी गाडी दरीत असते आणि ते दोघं पुढच्या वळणावर. "कुठी गेला बे?" एक जण विचारतो. "आलो आलो," मी म्हणतो. दर शनिवारी असं सात-आठ वेळा. मागच्या महिन्यात त्यांनी आपसात ठरवून मला सांगितलं, तुझ्या रॅमचे पैसे आम्ही पाठवतो. मी नको म्हटलं आणि त्या रात्री लवकर बंद केलं. त्यांचं प्रेम खरं आहे, त्यात मला काहीच शंका नाही. पण गावात राहिलेला तो मी आहे, आणि वळणावर थांबून माझी वाट पाहणारे ते, एवढं मला पुरेसं होतं. त्यात पैसे नको होते.

खरंच रॅमच कमी आहे का, हे आधी पाहिलं. ही सवय बाबांची. फवारणीचा जुना पंप नीट दाब धरेना तेव्हा गावात सगळे बॅटरीचा पंप घेत होते. बाबांनी जुना पंप ओट्यावर उघडून मांडला. "आधी वायसर पाह्य," ते मला म्हणाले होते. वायसर चार रुपयांचं. ते बदललं, नोझल तारेनं साफ केलं, आणि पंप आणखी दोन हंगाम चालला. बॅटरीचा पंप घेतला तोही कृषी केंद्रात तीन फेऱ्या मारून, खांद्यावर अडकवून, दुकानाच्या आवारात चालून पाहून.

तर मीही वायसर पाहिलं. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडला, किती मेमरी भरली ते दाखवणारी विंडोजची खिडकी. ७.९ पैकी ७.५ जीबी भरलेली. त्याच्या खाली कमिटेड म्हणून आकडा असतो, खरी मागणी किती ते सांगणारा, तो ११.६ दाखवत होता. म्हणजे आठ पोत्यांच्या खोलीत बारा पोती मागितली जात होती. वरची पोती विंडोज बाहेर अंगणात, म्हणजे एसएसडी या डिस्कवर, नेऊन ठेवतं आणि गेमनं मागितली की आत आणतं. ती नेआण म्हणजे माझा दीड सेकंद. ब्राउझर बंद केला, दीडेक जीबी मोकळी झाली. मग कोपऱ्यात वेग दिसला, २६६६. माझी रॅम ३२०० ची आहे. तीन वर्षं ती आपल्या चालीनं चाललीच नव्हती, कारण बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी नावाची गोष्ट चालू करावी लागते आणि ती मी कधी केलीच नव्हती. ती केली. फरक पडला, खोटं कशाला सांगू. आठचे पाच झटके झाले. पण पाच राहिले. एकट्या रॅमला प्रोसेसरकडे जायला एकच वाट असते, ६४ बिटांची. दुसऱ्या स्लॉटमध्ये जोडीदार आला की वाटा दोन होतात. कागदावर सेकंदाला २५.६ जीबीचे ५१.२ होतात. वायसर बदलून झालं होतं. आता पंपच लहान होता.

मग बाबांना विचारलं. आणि ते घे म्हणाले.

मला त्यांचा जुना शब्द आठवतो. तो शब्द "पाहू" होता. मी पाचवीत असताना आठवडी बाजारात टीव्हीला जोडायचा गेम आला होता, पिवळ्या कॅसेटवाला. ३५० रुपये. मी महिनाभर मागे लागलो होतो. "कापूस जाऊ दे, मंग पाहू," बाबा म्हणाले. कापूस गेला. पुढच्या बाजारी ते मला घेऊन त्या दुकानासमोर उभे राहिले. कॅसेट हातात घेतली, उलटी केली, तिच्या पोटातल्या पितळी पट्ट्यांवर अंगठा फिरवला. दुकानदाराला म्हणाले, "बिघडला तं कोण पाह्यते?" तो हसला. बाबांनी पुन्हा विचारलं. त्याच्याजवळ उत्तर नव्हतं, तो तर दर आठवड्याला वेगळ्या गावात बसणारा. बाबांनी कॅसेट जागेवर ठेवली, मला चिवडा घेऊन दिला आणि आम्ही घरी आलो. मी रस्ताभर रडलो होतो. कितीतरी वर्षं मी ती गोष्ट "बाबांनी घेऊन दिला नाही" अशीच सांगत आलो. अलीकडे मला त्यांचा तो अंगठा आठवतो. त्यांनी माझं मागणं खरंच हातात घेऊन पाहिलं होतं.

"घे" म्हणताना त्यांनी काहीच हातात घेतलं नाही.

हे २०२३ पासूनच सुरू झालं असावं. तोवर घरचा हिशोब बाबांच्या वहीत असायचा. दर पाडव्याला नवी वही, आणि पहिल्या पानावर मागच्या वहीतली येणी-देणी ते स्वतःच्या हातानं उतरवून काढायचे. कोणाचे अडचणीत सोडवणूक म्हणून घेतलेले दोन हजार, कोणाकडे राहिलेली बैलजोडीची मजुरी. "मागील बाकी" असं वर लिहायचे, शब्दाखाली दोन रेघा. कॉम्प्युटर आला आणि मी म्हटलं, बाबा, आता हे एक्सेलमध्ये टाकू, आपोआप बेरीज होते. ते बाजूला बसून पाहत होते. बेरीज आपोआप झाली तेव्हा "भारी हाय," म्हणाले. पुढच्या पाडव्याला त्यांनी वही आणली नाही. बँकेचं कार्ड माझ्याकडे आलं, खतांची बिलं माझ्याकडे आली, ॲपवरचा नंबर माझाच. कोणी ठरवून काही दिलं नाही, कोणी ठरवून घेतलं नाही. मी त्यांचं ओझं कमी करतो आहे असंच मला वाटत होतं.

या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची लाईन आहे. हरभऱ्याला शेवटचं पाणी चाललं आहे. मोटरला ऑटो बसवलेलं आहे, लाईन आली की आपोआप सुरू होते, पण स्प्रिंकलरचे पाईप आपोआप सरकत नाहीत, म्हणून मी शेतात असतो. गोणपाट पांघरून धुऱ्यावर बसतो, नोझलचा टक-टक-टक-फर्र असा आवाज अंधारात फिरत राहतो, कुठे रानडुकरांची चाहूल लागली की बॅटरी मारतो. तिथं बसून मोबाईलवर मी रॅमबद्दल वाचत होतो. घ्यायची की नाही ते ठरवण्यासाठी वाचत होतो आणि वाचता वाचता भलतीकडे गेलो. या रॅममध्ये प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक चिमुकला कपॅसिटर असतो. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्डचं हे डोकं, १९६८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. त्या कपॅसिटरमध्ये भरलेला विजेचा थेंब टिकत नाही. गळत राहतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ एकदा वाचून परत जशीच्या तशी लिहावी लागते. नाही लिहिली तर तिच्यात जे होतं ते विसरलं जातं. मशीन चालू आहे तोवर हे उतरवून काढणं अखंड चालू असतं, आपल्याला पत्ताही नसतो. मी मोबाईल खिशात ठेवला. मला शब्दाखालच्या त्या दोन रेघा दिसत होत्या. एक्सेलच्या फायलीत मागील बाकी आहे, आकडा बरोबर आहे. पण सोडवणुकीचे दोन हजार कोणाचे, ते मला आठवेना. वहीत नाव होतं. फायलीत मी फक्त "इतर" लिहिलं होतं.

किमतीचंही बाबांना सांगायचं होतं, ते राहूनच गेलं होतं. दोन हजारांच्या आतली वस्तू ५,८०० वर कशी गेली, हे मलाच समजून घ्यायला वेळ लागला. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्यांच्या चिपांवर चालते, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरांना आता इतकी मेमरी लागते की कारखाने तिकडे वळले. माझी डीडीआर४, २०१४ पासूनची जात. ती तशीही मागे पडत चाललेली. मायक्रॉननं तर ३ डिसेंबर २०२५ ला जाहीर केलं की आपल्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँडच बंद करणार. दुसऱ्या दिवशी पहाटे शेतातून आल्यावर चुलीपुढे बसून हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते शेकत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे तुह्या पट्टीचा भाव बी वरूनच ठरते." मी हो म्हटलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, ते थेट डिसेंबरअखेरपर्यंत. आमचा वेचा निघायचा तोच काळ. त्यावर बाबा तेव्हाही एवढंच बोलले होते, वरून ठरलं. विकताना भाव दुसऱ्याचा आणि घेतानाही दुसऱ्याचा, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी बोटांवर हिशोब केला. "बहात्तर किलो," म्हणाले. ८,११० नं ५,८०० रुपयांचा कापूस. मीही तोच हिशोब केला होता, कॅल्क्युलेटरवर. ७२ किलो म्हणजे दोन बायांची दिवसभराची वेचणी, ओटीत कापूस भरून पाठीचा कणा मोडेपर्यंत.

"तरी घे म्हणता?" मी विचारलं.

"तुले समजते आता," ते म्हणाले, आणि काडी चुलीत सारली.

परवा संध्याकाळी गावातली लाईन गेली. मला वाटलं, तेवढ्यात कॅबिनेट साफ करून टाकू. या खोलीत महिनाभर कापूस आहे आणि पंखे हवा आत ओढतात. समोरच्या जाळीवर कापसाच्या तंतूंचा पातळ कागद बसला होता, नखानं धरून ओढला तर अख्खा निघाला. आत हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या, पात्यांमध्ये तंतू अडकून राखाडी झाले होते. मी रंगाचा जुना ब्रश घेतला. मोबाईलचा उजेड पुरेना. बाबा बाहेर ओट्यावर होते, उठून आत आले आणि न विचारता शेतातली बॅटरी माझ्या खांद्यावरून धरली. उजेड बोर्डावर पडला. मी रॅमच्या दोन्ही बाजूंचे खटके दाबले, ती सुटली, तिचे सोनेरी दात खोडरबरानं हलके पुसले, परत स्लॉटमध्ये बसवली. टक्. तिच्या शेजारी दुसरा स्लॉट, त्याच लांबीचा, काळा. त्याच्या खाचेत कापसाचा तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला.

"हे काय होय?" बाबांनी बॅटरी जवळ आणली.

"हे रॅम होय. जे घ्याची हाय ते."

"अन् इथं नांगी पडली?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. पऱ्हाटीच्या तासात जिथं बी उगवलं नाही, ती रिकामी जागा. पेरणी झाल्यावर आठ-दहा दिवसांत आम्ही दोघं तासातासानं फिरून नांग्या भरतो.

"पडली नाई बाबा. पेरलीच नवती तवा. पैसे कमी होते."

"किती झाले?"

"तीन वर्षं."

"तीन वर्षानं कोणी नांगी भरते का?" ते म्हणाले. "बाजूच्या झाडाच्या सावलीत ते वाढत नाई." मी सांगितलं, इथं तसं नसतं, नवी जुनीच्या बरोबरीनं चालते. त्यांनी मान हलवली, पटलेलं नव्हतं. "बरोबरीनं म्हंजे कसं? बैल जोडतो आपण, एक तेज अन् एक मंद असला तं दोन्ही मंदाच्याच चालीनं चालते." हेही खरंच होतं. वेगळ्या वेगाची रॅम टाकली तर दोन्ही हळूच्याच वेगानं चालतात. मी म्हटलं, त्याच वेगाची घ्यावी लागते, शक्यतो त्याच जातीची. "भेटते का ते?" मी म्हटलं, शोधावी लागेल, आता कमी झाली. त्यांनी मला बाजूला सारलं आणि वाकले. एका हातात बॅटरी होती. दुसऱ्या हाताचा अंगठा त्यांनी रिकाम्या स्लॉटवरून सावकाश फिरवला, तो तंतू अंगठ्याला चिकटून आला, त्यांनी तो चुरगाळून गोळी केली.

"बिघडली तं कोण पाह्यते?"

"बदलून भेटते. नागपूरले न्या लागते."

"कागद भेटते का तसा?"

"बिल भेटते."

ते सरळ झाले. कमरेवर हात ठेवून उभे राहिले. बाहेर कोणाच्या तरी घरी मोबाईलवर भजन लागलं होतं. मी वाट पाहत होतो, आणि किती दिवसांनी मी असा वाट पाहत होतो ते मला कळत होतं.

"कापूस जाऊ दे," बाबा म्हणाले. "मंग पाहू."

मी बरं म्हटलं. झाकण लावायला घेतलं तर एक स्क्रू हातातून सुटला आणि कापसात गेला. मी गुडघ्यावर बसून ढिगात हात घातला. बाबांनी बॅटरी खाली धरली. "हळू," म्हणाले, "आत जाईन. वरवर पाह्य आधी."